आई क्रॉसिंगला जाते

लॉकडाऊनच्या वर्षी आमच्या देऊळगाव राजातल्या गल्लीत जवळजवळ प्रत्येकाने धंदा बदलून पाहिला. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे कोपऱ्यावरचे काका हातगाडीवर कांदे-बटाटे विकायला लागले. वाजवून वाजवून त्यांचा दम असा तयार झालेला, की "कांदेऽऽ" ही आरोळी बसस्टँडपर्यंत जायची. गिऱ्हाईक मात्र गल्लीतलंच. लग्नाचे फोटो काढणारा एक जण पपया विकायचा. पपई हातात घेऊन, तिरकी करून, उजेडात नीट बघून मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. शिंप्याने मास्क शिवायला घेतले आणि त्या वर्षी गल्लीत तेवढाच एक माणूस हसताना दिसायचा, म्हणजे मास्कच्या वर जेवढा दिसेल तेवढा.

आमच्या घरी बदलण्यासारखं काही नव्हतं. बाबा भिक्षुकी करतात. लग्नं, मुंजी, वास्तुशांत, सत्यनारायण यांवर आमचं घर चालायचं. लग्नसराई चैत्रापासून बंद पडली ती पडलीच. मी डी.एड. करून एका खाजगी शाळेत शिकवत होते. शाळेला कुलूप लागलं त्या महिन्यापासून पगारही गेला. आई घरात होती. तिचं काम कधीच बंद पडत नव्हतं, पण त्याला पगारही कधीच नव्हता.

बाबांनी प्रयत्न केला नाही असं नाही. पुण्याच्या एका यजमानांनी फोनवरून सत्यनारायण सांगायची विनंती केली. बाबांनी धूतवस्त्र नेसलं, चौरंगावर मोबाईल उभा केला आणि त्याच्यासमोर मांडी घातली. तिसऱ्या अध्यायात साधुवाण्याची नाव बुडायच्या बेतात आली आणि आमचं नेट गेलं. पुन्हा लागलं तेव्हा पुण्याची मंडळी आरती म्हणत होती. साधुवाण्याचं पुढे काय झालं हे त्यांनी विचारलंही नाही. दक्षिणा आली, नाही म्हणत नाही. पण बाबा दिवसभर उदास होते. संध्याकाळी म्हणाले, "मोबाईलमधून शिरा येत नाही गं."

घरात दूध कमी घ्यायला लागलो तेव्हा आईने त्याला नाव फार छान शोधलं. त्या वर्षी सगळा देश काढे पीत होता. आईने बिनदुधाच्या चहात तुळशीची चार पानं टाकली आणि सांगितलं, हा काढा आहे, प्रतिकारशक्ती वाढते. बाबांनी महिनाभर श्रद्धेने घेतला. मग एक दिवस म्हणाले, "आता पुष्कळ वाढली प्रतिकारशक्ती. एक दिवस चहा कर."

त्या दिवशी आई उठून शेजारच्या मावशींकडे गेली.

ही मावशी आमची नात्यातली नाही, गल्लीची मावशी. शेडनेटवर कामाला बाया नेणारी मुकादम. आमच्याकडे गावाबाहेर पडलं की पांढऱ्या-हिरव्या जाळ्यांच्या शेडच शेड दिसतात. त्यांत टोमॅटो, मिरची लावतात, पण खाण्यासाठी नाही, बियांसाठी. एका जातीच्या फुलातली पूड दुसऱ्या जातीच्या फुलाला हाताने लावायची, त्यातून संकरित बी तयार होतं. या कामाला सगळे जण 'क्रॉसिंग' म्हणतात. हे काम बायाच करतात आणि शेतीचं म्हणून ते लॉकडाऊनमध्येही चालू होतं.

मावशींनी आधी आईकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं.

"काऊन वो काकू? तुमच्याच्यानं होनार हाय का हे? दिवसभर उभं राहा लागते."

"सव्वीस वर्षं सोवळ्याचा स्वयंपाक उभ्यानेच केला, मावशी."

"अन् गुरुजी?"

"त्यांना सांगायचं नाही."

मावशी हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बी चाल मंग. मायले एकटी काऊन धाडतं? तुह्यी शाळा तं बंदच हाय."

अशा रीतीने माझीही नोकरी लागली. डी.एड. झाल्यावर चार वर्षांनी, मुलाखतीशिवाय लागलेली ही माझी पहिली नोकरी.

बाबांना सांगितलं ते असं : मावशींच्या शेतात पालेभाजी निवडायला मदत करायला जातो, बदल्यात घरी भाजी मिळते. बाबांना ते पटलं. शेजारधर्म म्हणून ते चाललं, त्यात मजुरी नव्हती. फक्त आता रोज भाजी घरी यायला हवी होती. मावशींच्या शेतात त्या वर्षी सोयाबीन होतं. मग परत येताना आई क्लॅरिनेटवाल्या काकांच्या गाडीवरून मिळेल ती पालेभाजी विकत घ्यायची, आणि त्या मोसमात सगळ्यात स्वस्त होती शेपू. आम्ही शेपूची भाजी खाल्ली, शेपूची डाळ खाल्ली, शेपूचे मुटके खाल्ले. बाबा एकदा ताटाकडे बघत म्हणाले, "त्या माउलीच्या शेतात दुसरं काही उगवतच नाही का?"

शेडवर जायला ट्रॅक्टरची ट्रॉली यायची. पहिल्या दिवशी ट्रॉलीत चढताना आईने पदर खोचला, आणि कुणीतरी हात द्यायच्या आत चढून बसली. मी मात्र दोनदा घसरले. बायांनी तोंडाला रुमाल बांधलेले, वर मास्क, डोक्यावर टोपी नाहीतर पदर. कोण कुणाची हे फक्त आवाजावरून कळायचं. आम्हाला ते बरंच होतं.

काम वरून सोपं दिसायचं. दुपारी उद्या उमलणारी कळी बघायची, बारीक चिमट्याने ती हळूच उघडायची आणि तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीची पूड लावायची. पूड बोटातल्या अंगठीवर असायची. अंगठीला नखाएवढी वाटी, वाटीत ती पिवळी पूड. मी पहिल्या सकाळी जितकी फुलं जमवली त्यापेक्षा जास्त मोडली. मावशी येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीन, फुलाले छडी नको मारू."

आईचं तसं नव्हतं. तिला पहिल्याच आठवड्यात जमलं. वाती वळून, तांदूळ निवडून तिची बोटं तयारच होती. मावशी बायांना मोठ्याने सांगायच्या, "पाहा वो, गुरुजी मानसायचे लग्न लावते, काकू फुलायचे लावून राह्यली!" आई लाजायची आणि आजूबाजूला बघायची, कुणी बाहेरचं ऐकलं तर नाही ना. पण तिची चाल बदलली होती. शनिवारी मजुरी हातात पडली की ती ट्रॉलीत पाय हलवत बसायची. मी तिला असं पाय हलवताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या मजुरीतून दूध आलं. बाबांनी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "काढा संपला वाटतं?"

"तुळस सुकली," आई म्हणाली.

असे आमचे दीड-दोन महिने फार मजेत गेले. हे असं लिहिणं बरं दिसत नाही, कारण लोकांची त्या वर्षी फार वाईट अवस्था होती. आमचीही काही बरी नव्हती. घरभाडं थकलं होतं आणि घरमालकाचा आवाज आला की आम्ही दिवा मालवायचो. पण शेडमध्ये शिरलं की जाळीतून गाळून आलेला तो मऊ उजेड, ओल्या मातीचा वास आणि चाळीस बायांच्या गप्पा. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कसा, कोणत्या देवाला काय बोललं. आईने आयुष्यभर या बायांकडे हळदीकुंकवापुरतंच पाहिलेलं होतं. आता ती त्यांच्या डब्यातला ठेचा खात होती आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा मागत होती.

मग एक दिवस बाबा फुललेल्या चेहऱ्याने घरात आले.

"पूजा मिळाली!" ते म्हणाले. "प्रत्यक्ष! माणसांसमोर! त्या आपल्या यजमानांच्या शेडवर. ज्यांची वास्तुशांत केली होती आपण, जालना रोडला. पीक चांगलं धरलंय म्हणून छोटीशी पूजा घालायचीय त्यांना. गुरुवारी सकाळी."

जालना रोडची ती शेड म्हणजे आमचीच शेड.

बाबा आत गेल्यावर मी आईला म्हणाले, "गुरुवारी आपण जायचं नाही."

"आदल्या दुपारी तयार केलेल्या कळ्या गुरुवारी वाया जातील," आई म्हणाली. "मावशींनी आधीच सांगितलंय, फुलं सुट्टी घेत नाहीत." मग म्हणाली, "आणि कितीतरी महिन्यांनी ते पूजा सांगणार आहेत. मला ऐकायचीय."

"ओळखलं तर?"

"चाळीस जणी आहोत, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. मी बोलणारच नाही."

गुरुवारी आईने पहाटे उठून बाबांची पिशवी भरली. सुपाऱ्या, अक्षता, जानवी, पंचपात्र, आसन. बाबांची आंघोळ चालू असताना "मावशीकडे जातो हो" असं बाहेरूनच ओरडून आम्ही दोघी ट्रॉलीकडे पळालो.

नऊच्या सुमारास मालक स्वतः मोटरसायकलवर बाबांना घेऊन आला. पंचविशी-तिशीतला पोरगा होता, नम्र. त्याने बायांना काम थांबवून शेडच्या दाराजवळ अंतर ठेवून उभं राहायला सांगितलं. आम्ही दोघी मागे, मावशींच्या आडोशाला. बाबांनी आसन टाकलं, चौरंग मांडला. मास्क लावून मंत्र म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ. श्वासाने चष्म्यावर वाफ धरायला लागली. त्यांनी चष्मा डोक्यावर सारला आणि पाठ असलेलं सगळं धाडधाड म्हणून टाकलं. आवाज काय लागला होता! मास्कमधूनही शेडभर घुमत होता. आई मान खाली घालून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा मास्क भिजला होता.

मग संकल्प आला. मालकाच्या घरच्यांची नावं कागदावर लिहिलेली होती. बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. उजव्या हाताने आसनाच्या बाजूला चाचपलं, पिशवीत चाचपलं.  आणि बाबा, घरी सव्वीस वर्षं विचारत आले तसे, वर न बघता म्हणाले :

"अगं, चष्मा कुठे ठेवलास माझा?"

"डोक्यावर आहे," आई म्हणाली.

बाबांचा हात डोक्याकडे गेला, चष्मा नाकावर आला आणि मगच त्यांना कळलं की उत्तर कुठून आलं. ते चाळीस तोंडबांध्या बायांकडे बघायला लागले. मावशींनी प्रयत्न केला बिचारीने. "म्या बोलली गुरुजी, म्या," असं त्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज आणि आईचा आवाज यांत जमीन-अस्मानाचा फरक. पुढच्या रांगेतली एक जण फिसकन हसली. तिचं बघून दुसरी. मग मालक सोडून सगळी शेड हसत होती. मालक बिचारा विचारत होता, "काय झालं? काय झालं?"

बाबा हसले नाहीत. त्यांनी कागद उचलला आणि संकल्प सुरू केला. एकही नाव चुकलं नाही. पूजा पूर्ण झाल्यावर बाया एकेक करून पाया पडायला गेल्या. अंतर ठेवून, लांबूनच. आईची पाळी आली तेव्हा तीही वाकली. बाबांनी सगळ्यांना दिला तसाच तिलाही आशीर्वाद दिला, "अखंड सौभाग्यवती भव." म्हणून झाल्यावर आपण कुणाच्या आयुष्याची हमी दिली हे लक्षात आलं असावं, कारण ते घाईने घंटा पुसायला लागले.

मालकाला प्रकार कळला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "काकू, तुम्ही? सांगायचं तरी! मी खुर्ची आणतो." आई म्हणाली, "खुर्ची आणली तर फुलापर्यंत हात कसा पोचेल? अजून दोन ओळी राहिल्यात माझ्या." आणि आत निघून गेली.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. आईने पाय धुतले, आत जाऊन चहा ठेवला, कप आणून त्यांच्यापुढे ठेवला.  मला वाटत होतं आता मोठं काहीतरी होणार. बाबा म्हणाले,

"शेपू विकत आणत होतीस ना?"

"हो."

"मग मेथी नाही का आणता आली?"

आई मान वळवून हसली. पण बाबांनी कप उचलला नाही. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालो असतो."

"म्हणून."

 पुढचे दोन दिवस ते फार कमी बोलले. जेवायचे, जप करायचे, गच्चीवर फेऱ्या मारायचे. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघायच्या तयारीत असताना ते दारात उभे. अंगात सदरा, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं.

"तिथे पुरुषांना घेतात का?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही, कारण ते बघत होते रस्त्याकडे.

ट्रॉलीत बाबा बसले तेव्हा बाया इतक्या गप्प झाल्या की ट्रॅक्टरचा प्रत्येक खिळा ऐकू येत होता.  फाट्याशी मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, आता तं रोज सत्यनारायन!" आणि बाबाच आधी हसले.

क्रॉसिंग त्यांना जमलं नाही. अक्षता उधळायची सवय असलेला हात. दहा फुलांना पुरेल तेवढी पूड त्यांनी एकाच फुलावर शिंपडून टाकली. मावशींनी दुपारीच निकाल दिला, "गुरुजी, तुमी रेहेन द्या. तुमच्या हातानं झाडबी परेशान हाय." बाबा हिरमुसले. पण मालकाच्या डोक्यात एक वेगळंच काम होतं.

शेडमध्ये जाताना फार काळजी घ्यावी लागते. दाराशी औषधाच्या पाण्यात पाय बुडवायचे, साबणाने हात धुवायचे, दुसऱ्या शेतातून आलेल्या कपड्यांनी थेट आत जायचं नाही. आणि तंबाखू तर बिलकुल नाही. तंबाखूच्या हातानेही टोमॅटोच्या झाडाला रोग लागतो. बाया हे सगळं मालकासमोर पाळायच्या. मालकाला वाटायचं, दाराशी कुणीतरी कडक माणूस हवा.

आणि बाबांइतका कडक माणूस त्याला सगळ्या तालुक्यात मिळाला नसता. ज्यांनी आयुष्यभर सोवळं-ओवळं पाळलं त्यांना हे नियम लगेच समजले, उलट पुरे वाटले नाहीत. त्यांनी दाराशी स्टूल टाकलं आणि पहिल्याच दिवशी मालकालाच परत पाठवलं. "तुम्ही शेजारच्या शेतातून आलात. पाय बुडवा. दोन्ही." मालकाने बुडवले.

खरी लढाई झाली ती मावशींबरोबर. मावशींच्या कमरेला तंबाखूची पुडी असायची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. बाबांनी हात पुढे केला.

"पुडी इथे ठेवा."

"कोनती पुडी?"

"मावशी."

"गुरुजी, म्या तुमच्या बायकोले काम देल्लं!"

"म्हणूनच सांगतो. पुडी इथे, आणि हात दोनदा धुवा."

मावशी आठ दिवस बाबांशी बोलल्या नाहीत. दारातून जाताना हात असे आपटून धुवायच्या की बाबांचं धोतर भिजायचं. मग एका दुपारी बाबांनीच त्यांना त्यांची पुडी, सुटीच्या वेळी, शेडपासून लांब कडुलिंबाखाली नेऊन दिली. "इथे खा. परत येताना पुन्हा धुवा." तिथून दोघांचं जमलं ते आजतागायत.

गावात बोलणं झालंच. बाबांच्याच ओळखीतले एक गृहस्थ रस्त्यात भेटले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ऐकलं ते खरं का? तुम्ही रोजंदारीवर?" मी बाबांबरोबर होते. बाबा म्हणाले, "हो. आणि या दोघी मायलेकीही. माझ्यापेक्षा हिच्या आईला जास्त मिळतात." गृहस्थांनी मागेपुढे पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "अजून एखादी जागा आहे का हो तिथे?"

देवळांची दारं उघडली, तुळशीचं लग्न झालं आणि बाबांचे फोन पुन्हा वाजायला लागले. पहिलं लग्न पन्नास माणसांचं होतं. बाबांनी ते पाचशे माणसांच्या आवाजात लावलं. घरभाडं हळूहळू फिटलं. माझी शाळा उघडली, पण तिथल्यापेक्षा शेडवर बरे पैसे होते, म्हणून मी परत गेले नाही. आता मी चार-पाच शेडच्या क्रॉसिंगवर देखरेख करते, स्कुटीवरून फिरते. शिक्षक भरतीची वाट बघणं मी सोडलेलं नाही. ती भरती निघेपर्यंत टोमॅटो निघतात, एवढंच. बाबा मुहूर्त नसलेल्या दिवसांत अजूनही दाराशी स्टूल टाकून बसतात.

आईने मात्र एकही मोसम सोडला नाही. बाबांनी एकदा सुचवलं, की आता तशी गरज नाही. आईने ऐकलं आणि डबा भरायला घेतला.

गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर ती मला बाजारात घेऊन गेली. मला वाटलं साडी घ्यायची असेल. ती थेट चपलांच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "बूट दाखवा. कापडी. चिखलात सरकायला नकोत." दुकानदाराने काळे काढले, करडे काढले.

"तो लाल दाखवा."

"काकू, तो पोरींचा आहे."

"माप बघा, पोरींचा आहे की माझा."

माप आलं. आईने दुकानातल्या बाकावर बसून नाड्या बांधल्या. बांधता येत नव्हत्या, मी वाकले तर म्हणाली, "राहू दे, शिकते." तीनदा सोडून चौथ्यांदा बांधल्या. मग उठली, नऊवारीचा काठ जरा वर धरला आणि आरशात फक्त पायांकडे बघितलं. जुन्या चपला दुकानदाराने पिशवीत घालून दिल्या. त्या माझ्या हातात देऊन ती पुढे निघाली. बाजार भरलेला होता. गर्दीतून वाट काढत ती इतकी भरभर चालत होती, की मला तिला गाठायला दोनदा पळावं लागलं.